वाताचं चूर्ण

पेणच्या मोरोपंत वैद्यांकडे सगुणा कामाला लागली त्याला अठरा वर्षं झाली होती. तिचा नवरा भातगिरणीच्या पट्ट्यात सापडून गेला. पदरात मूल नाही, दिरांच्या घरात दोन वेळचं जेवण मिळायचं, पण बस म्हणायला कोणी नव्हतं. तेव्हा मोरोपंतांच्या बायकोनं, आनंदीबाईंनी, तिला मागच्या पडवीत बोलावून मोठा खलबत्ता दाखवला आणि विचारलं, "दिवसभर कुटशील?" सगुणानं पदर खोचला तो खोचलाच. पुढे आनंदीबाई वारल्या, सगुणा राहिली. निरगुडीचा पाला कधी तोडायचा, सुंठ किती वाळली की कुटायला घ्यायची, गुग्गुळ कसा शुद्ध करायचा, हे सगळं तिच्या हातांना पाठ झालं. मोरोपंत पुढच्या खोलीत नाडी बघायचे, मागे सगुणा औषध करायची.

मोरोपंतांचं वाताचं चूर्ण वडखळपासून कोलाडपर्यंत लोकांना ठाऊक होतं. पण ते औषध सावकाश चालायचं. "तीन महिने धीर धर, मग मला शिव्या घाल," असं ते प्रत्येकाला सांगायचे. कुणाला गुण यायचा, कुणाला थोडा यायचा, कुणाला मुळीच नाही. ज्याला येत नसे त्याला ते स्वतःच म्हणायचे, "माझ्याकडे याच्यापुढे उपाय नाही, मुंबईला मोठ्या डॉक्टरला दाखव." असं सांगताना त्यांना कमीपणा वाटत नसे.

मग त्यांचा मुलगा दत्तात्रेय आयुर्वेदाची पदवी घेऊन घरी आला. त्या सुमारास मोरोपंतांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. मागच्या पडवीच्या दोन पायऱ्या त्यांना दिसेनात, म्हणून त्यांनी मागे येणंच सोडलं. औषधाची देखरेख दत्तात्रेयाकडे आली. सगुणानं त्याला चड्डीत हिंडताना पाहिलेलं, तो तिला ताई म्हणायचा.

एक दिवस तो पत्र्याचा एक डबा घेऊन आला. आत बारीक सफेद गोळ्या होत्या, काठोकाठ.

"सगुणाताई, चूर्णाच्या प्रत्येक शेराला यातल्या साठ गोळ्या खलून घालायच्या. नीट मिसळल्या पाहिजेत."

"कसल्या हायेत?"

"ताकदीच्या. इंग्रजी औषध नि आपलं औषध, दोन्ही एकत्र केली की गुण लवकर येतो. हल्ली सगळीकडे असंच चाललंय. बाबांना सांगू नकोस, त्यांना इंग्रजी म्हटलं की कपाळावर आठी येते. आणि बाहेर तर बोलूच नकोस. उद्या दुसरे वैद्य उचलतील."

सगुणानं गोळ्या खलल्या. पांढरी भुकटी काळपट चूर्णात पडली, फडक्यातून गाळल्यावर कुठे गेली ते कळलंही नाही.

महिनाभरात मोरोपंतांच्या ओटीवर बसायला जागा पुरेना. जी माणसं सहा-सहा महिने खेपा घालायची ती आठ दिवसांत उड्या मारत येऊ लागली. काठी टेकत आलेला म्हातारा काठी ओटीवर ठेवून गेला. मोरोपंत दिसेनाशा झालेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे तोंड करून हसायचे. "आजोबांच्या औषधाचा पाठ आहे," म्हणायचे. "हाताला यश यायला इतकी वर्षं लागली." सगुणा आतून ऐकायची. तिला वाईट वाटायचं नाही. माणसं बरी होत होती, पंत खूश होते, दत्तात्रेयाचं लग्न झालं होतं. यात बिघडलं कुठे, असंच तिला वाटायचं.

या बऱ्या झालेल्यांत तिची सख्खी बहीण होती.

सरू तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी. खांब गावात दिलेली, घरची भाताची नि वालाची शेती. पस्तिशीतच तिचे सांधे धरले. बोटं वाकडी झाली, मनगटं सुजली. तिचा नवरा हिरामण अबोल माणूस, पण सकाळी बायकोची वेणी घालून मग शेतावर जायचा. हातानं भाकरी मोडता येईना म्हणून तिला भरवायचा. शेजारच्या बाया हसायच्या, तो तिकडे बघायचाही नाही. मोरोपंतांचं जुनं चूर्ण सरूनं वर्षभर घेतलं होतं. फरक पडला तो थोडाच.

सगुणानं तिला नव्या चूर्णाच्या पुड्या नेऊन दिल्या आणि दहा दिवसांनी परत गेली तेव्हा सरू विहिरीवर पाणी शेंदत होती. दोघी तिथेच उभ्या राहून रडल्या. त्या वर्षी सरू लावणीला चिखलात उतरली. मुलगी शांती, तिचं लग्न ठरलं होतं, जावई नागोठण्याच्या कंपनीत होता. त्या लग्नात सरूनं स्वतःच्या हातांनी हळद दळली. गावात सगळ्यांना सांगत सुटली, "माझ्या आक्कानं केलेलं औषध हाय."

दोन वर्षं गेली. दर पंधरा दिवसांनी सगुणा एस.टी.नं खांबला जायची, पुड्या द्यायची, दुपारची जेवून परतायची. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात तिच्या लक्षात आलं की सरूचं तोंड गोल होत चाललंय. गाल फुगलेले, हनुवटीखाली मांस, आणि हातपाय मात्र काटक्यांसारखे. गावातल्या बाया म्हणायच्या, सरू बाळसं धरतेय. पण कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली होती. बांगडी घासली तरी काळानिळा डाग पडायचा. एकदा सोमवार-मंगळवार दोन दिवस पुडी घ्यायची राहिली, तर सरूला अंथरुणातून उठता येईना, ओकाऱ्या झाल्या. पुडी घेतली नि उतारा पडला. "हे औषध चुकवून चालत नाय गो," सरू म्हणाली. तिला तो औषधाचा गुण वाटला.

सगुणानं दत्तात्रेयाला विचारलं. "दादा, सरूचं तोंड सुजतंय. अजून चार-पाच जणांचं तसंच दिसतं. त्या गोळीनं तर नाय ना होत?"

तो पुड्यांची चळत मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "मात्रा थोडी कमी करू."

दुसऱ्या दिवशी त्यानं साठच गोळ्या काढून ठेवल्या. सगुणानं त्या उचलल्या आणि खलात टाकल्या. पुन्हा विचारलं नाही.

त्या आषाढाच्या शेवटी पाऊस लागून राहिला. नागोठण्याला अंबा नदी बाजारात शिरली, रस्त्यावर कमरेएवढं पाणी. गोव्याकडची वाहतूक वडखळलाच अडवली. सगुणा पिशवीत सरूच्या पुड्या घेऊन पेणच्या स्टँडवर तीन दिवस जाऊन बसली आणि तीन दिवस परत आली. चौथ्या दिवशी गाडी सुटली ती नागोठण्यापासून मागे फिरली. पाचव्या दिवशी दुपारच्या आत ती खांबला पोचली, तर घराला कुलूप. शेजारीण दारातच म्हणाली, "रोह्याला नेली. दोन दिस पोटात काय ठरत नव्हतं. हिरामणानं टेम्पोत घालून नेली सकाळी."

रोह्यात श्यामला डॉक्टरांचा आठ खाटांचा दवाखाना होता. पुरानंतरचे दिवस, खाटा भरलेल्या, वऱ्हांड्यात सतरंज्या टाकून माणसं निजवलेली. कुणाला ताप, कुणाला जुलाब. सरू आतल्या खोलीत होती, हाताला सलाईन. सगुणानं हाक मारली तेव्हा तिनं डोळे उघडले, पण बघितलं ते भलतीकडेच. हात बर्फासारखा गार होता. हिरामण पायाशी उभा होता, ओल्या कपड्यांतच.

श्यामला डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या, पेणच्याच एका मास्तरांच्या घरातल्या, बोलायला थेट. त्यांनी रक्तदाब बघितला, परत बघितला, नर्सला काहीतरी सांगितलं आणि हिरामणकडे वळल्या.

"हिला आधीपासून कुठलं औषध चालू आहे का?"

"वाताचं हाय. पेणच्या वैद्यबुवांचं," हिरामण म्हणाला. "ही तिची बहीण. हीच आणून देते. तिथंच कामाला हाय."

डॉक्टर सगुणाकडे बघू लागल्या. "काय असतं त्यात?"

"निरगुडी," सगुणा म्हणाली. "रास्ना, सुंठ, गुग्गुळ. एरंडाचं मूळ."

"आणखी काही? कुठली गोळी वगैरे?"

सगुणाच्या काखेत पिशवी होती, पिशवीत पुड्या होत्या. तिच्या डोळ्यांपुढे मोरोपंतांची ओटी आली, दत्तात्रेयानं आणलेला डबा आला. सांगितलं तर पोलीस येतील, पंतांना या वयात दारातून नेतील, असं तिला वाटलं. आणि त्याच्याखाली आणखी एक भीती होती. गोळ्या खलणारा हात आपला होता.

"नाय," ती म्हणाली. "झाडपालाच हाय सगळा."

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. वऱ्हांड्यातून कुणीतरी हाक मारली, त्या गेल्या.

दुपारी दोनच्या सुमारास सरूचा श्वास मोठा झाला, मग विरळ झाला. डॉक्टर धावत आल्या, इंजेक्शनं दिली, छाती दाबली. सगुणा भिंतीला पाठ लावून बघत होती. मग डॉक्टरांनी हात काढून घेतले आणि हिरामणच्या खांद्याला हात लावून हळू आवाजात काही बोलल्या. हिरामण म्हणाला, "बरं." एवढंच. तो वाकला आणि सरूच्या कपाळावरचे केस मागे सारू लागला.

बारा दिवस सगुणा खांबला राहिली. शांती आली होती, पोटुशी, पाचवा महिना. पोरीला सावरायचं, आल्यागेल्याचं बघायचं, स्वयंपाक करायचा. पिशवी तिनं खुंटीला लावली होती. तिच्याकडे नजर गेली की हातातलं काम थांबायचं. सरूला पुडी चुकल्यावर दोन दिवसांत काय झालं होतं ते ती आठवायची. मग पुरात पाच दिवस पुडी पोचली नाही, तेही आठवायचं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायला कुणी डॉक्टर लागत नव्हता.

तेराव्या दिवशी पेणला जाते सांगून ती निघाली आणि रोह्याच्या गाडीत बसली. दवाखान्यात गर्दी ओसरली होती. तिनं एक पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"बाई, मी खोटं बोलले तुमच्याशी. यात सफेद गोळ्या हायेत. शेराला साठ. मीच खलते."

श्यामला डॉक्टरांनी पुडी उघडली, चिमूट बोटावर घेतली. गोळीचा आकार विचारला, डबा कसा होता, त्यावर कोणती अक्षरं होती ते विचारलं. सगुणाला इंग्रजी येत नव्हतं, पण दोन वर्षं बघितलेलं पहिलं अक्षर तिनं टेबलावर बोटानं काढून दाखवलं. डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या.

"स्टेरॉईड आहे. सूज उतरवतं, माणूस उठून चालायला लागतो. पण रोज घेत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करायचं सोडून देतं. मग एकदम बंद झालं की शरीराकडे काहीच उरत नाही. आजारपणात तर नाहीच."

"तवाच सांगितलं असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"एक इंजेक्शन होतं. त्या कपाटातच होतं. वाचली असती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण द्यायला होतं." मग म्हणाल्या, "तिचा चेहरा मीही बघितला होता. तो फुगलेला चेहरा, ते डाग. मला शंका यायला पाहिजे होती. आलीही होती. म्हणूनच गोळीचं विचारलं. तू नाही म्हणालीस आणि बाहेर माणसं खोळंबली होती. माझंही चुकलं."

सगुणाला वाटलं, बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे औषध किती जण घेतात?"

"लई. शे-दीडशे असतील."

डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. "आणि आता तू जाऊन त्यांना सांगशील की यात विष आहे, टाकून द्या. तसं करू नकोस. ज्यानं टाकून दिलं तो तुझ्या बहिणीच्या वाटेनं जाईल. हे बंद करायचं तर हळूहळू, थोडं थोडं कमी करत, महिनोन्‌महिने. मला ती माणसं पाहिजेत. एकेक."

पेणला पोचेपर्यंत सगुणानं ठरवलं होतं. ती पुढच्या दारानं आत गेली. अठरा वर्षांत ती पुढच्या दारानं कधी आली नव्हती. मोरोपंत एकटेच आरामखुर्चीत बसले होते. बहिणीचं कळलं होतं त्यांना.

"सगुणा का? बस. वाईट झालं. माझ्याच औषधानं बरी झालेली पोर..."

तिनं सगळं सांगितलं. मध्ये थांबली नाही, थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. मोरोपंतांनी हात पुढे केला. "दे जरा."

तिनं त्यांच्या तळव्यावर चूर्ण घातलं. त्यांनी जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"निरगुडीचा कडूपणा जिभेच्या मागं लागतो," ते म्हणाले. "हा पुढं लागतोय. दोन वर्षांत मी एकदा तरी चाखायला पाहिजे होतं. आजोबा रोज चाखायचे."

दत्तात्रेय आला तेव्हा सगुणा उठून जाऊ लागली. मोरोपंतांनी तिला बसवून ठेवलं. मुलगा आधी नाही म्हणाला, मग चिडला.

"बाबा, तुमच्या चूर्णाला तीन महिने लागतात. आता कोण थांबतं तीन महिने? लोक डॉक्टरकडं जातात, दुखण्यावर सुई मारून घेतात. मी दोन्हींचा मेळ घातला, एवढंच. त्यांना चालायला पाहिजे होतं, चालली माणसं. तुमच्या पाया पडून गेली."

"माझ्या पाया कशासाठी पडली?" मोरोपंतांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "सरूबाईला तू सांगितलंस का, यात काय आहे ते? सुटलं तर काय होतं ते? तुला तरी ठाऊक होतं का?"

दत्तात्रेय खिडकीतून बाहेर बघत राहिला. "इतकं होईल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. त्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन सासुरवाडीला निघून गेला. मोरोपंतांनी स्वतः तक्रार लिहायला लावून खाली सही केली. सही सरळ ओळीत आली नाही. चौकशीवाले आले, डबे घेऊन गेले. प्रकरण अलिबागला गेलं आणि तिथेच तारखांवर तारखा पडत राहिल्या.

त्याच्याआधी एक काम मोरोपंतांनी केलं होतं. सगुणाचा हात धरून ते रोह्याच्या गाडीत चढले. श्यामला डॉक्टरांना वाटलं होतं, म्हातारा भांडायला आलाय. त्या सावध बसल्या होत्या. मोरोपंतांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "तुम्ही ते उतरवणार. उतरवताना दुखणं परत येईल ना?"

"येईल. काहींना आधीपेक्षा जास्त."

"तेवढ्यापुरतं माझं तेल लावलेलं चालेल? शेक दिलेला?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "चालेल. पण त्यात काय काय आहे ते मला लिहून द्या. सगळं."

"सगळंच देतो," मोरोपंत म्हणाले. ते सांगत गेले आणि डॉक्टर लिहीत गेल्या. आजोबांचा हा पाठ मोरोपंतांनी आजवर घराबाहेर कुणाला सांगितला नव्हता.

दर गुरुवारी श्यामला डॉक्टर पेणला येऊ लागल्या. मोरोपंतांच्या ओटीवर एका बाकावर दोघं बसायची. डॉक्टर रक्तदाब बघून, साखर तपासून गोळीचा हिशेब कागदावर लिहून द्यायच्या, या आठवड्यात एवढी, पुढच्या आठवड्यात त्याहून कमी. मोरोपंत सांध्याला हात लावून तेल नि शेक सांगायचे. प्रत्येकाला पहिलं वाक्य मोरोपंतच ऐकवायचे. "तुला आलेला गुण माझ्या औषधाचा नव्हता. माझ्या घरात तुला फसवलं गेलं." डॉक्टर एकदा म्हणाल्या, "पंत, रोज रोज कशाला?" त्यांनी ऐकलं नाही.

माणसं गोळा करायचं काम सगुणाचं होतं. ती गावोगाव फिरली. वडखळच्या जनूच्या घरी पोचली तर त्याचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. ओकाऱ्या होऊन गेला, असं त्याच्या सुनेनं सांगितलं. पुड्या संपल्या होत्या आणि पेणला यायला कुणी रिकामं नव्हतं. सगुणा पाणी पिऊन उठली.

जी माणसं सापडली त्यांतली निम्मी ओटीवर आली. बाकीच्यांनी दारातूनच परत लावलं. बायजाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आपले हात पुढे केले. सरूसारखेच होते.

"गोळीनं चालते ना मी? मग तीच दे. मरायचं तर चालता चालता मरू दे. तुझ्या तेलानं मला परत खाटेवर घालतेस?"

"बाय, एकदम बंद नाय करायची. हळूहळू..."

"हळूहळूच खाटेवर घालतेस म्हण."

पुढे कळलं, बायजाबाई दुसरीकडे कुठल्याशा औषधवाल्याकडून तसलीच पुडी आणते. आणि जी ओटीवर येत राहिली त्यांचे सांधे खरोखरच परत धरले. कुणी लंगडत आलं, कुणाला उचलून आणलं. तेलानं थोडं हलकं वाटायचं, थोडंच. एकानं मोरोपंतांच्या पुढ्यात बाटली आपटली. मोरोपंतांनी काचा वेचायला हात खाली घातला, सगुणानं तो धरला. पण त्या ओटीवर आलेल्यांतलं कुणी सरूसारखं गेलं नाही. डॉक्टर म्हणायच्या, एवढंच आपल्या हातात होतं.

या सगळ्यात तीन महिने गेले. सगुणानं सगळ्यांना सांगितलं होतं, अनोळखी माणसांना, त्यांच्या सुनांना, चौकशीवाल्या साहेबांना. खांबला मात्र ती गेली नव्हती. हिरामणला एवढंच कळलं होतं की वैद्याच्या पोरानं औषधात काही घातलं होतं. दवाखान्यात त्याच्या शेजारी उभं राहून सगुणा काय बोलली, त्याचा अर्थ त्याला कळला नव्हता.

भात कापणीला आलं तेव्हा ती गेली. हिरामण अंगणात कोयत्याला धार लावत होता. त्यानं तिला पाट दिला, पाणी दिलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात बाईंनी इचारलं तवा मला ठाऊक होतं. गोळी हाय म्हणून. मी नाय म्हणाले. त्यांच्याकडं इंजेक्शन होतं."

हिरामणनं कोयता खाली ठेवला. कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या. तो त्यांच्याकडे बघत बसला.

"कशाला नाय म्हणालीस?"

"भ्याले."

"कुणाला?"

सगुणानं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. तो म्हणाला, "ती शेवटच्या दिवशी सकाळी टेम्पोत बोलली होती. आक्का पुडी घेऊन येईल, मग बरं वाटंल. तेवढंच बोलली."

सगुणानं पदर तोंडात धरला.

"मी तुला काय करू, आक्का?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "मारू का? तुझी बहीणच होती ती. जा म्हणू? जा म्हटलं तर तू जाशील, माझं काय व्हईल त्यानं?" तो उठला, कोयता उचलला. "शांती आलीय बाळंतपणाला. वाडीत गेलीय शेंगा काढायला, येईल इतक्यात. तिला तू सांग. माझ्या तोंडून नाय यायचं ते. आणि सांगितल्याबिगर जाऊ नको."

"या दिवसांत सांगू? तिला काय झालं तर?"

"तिनं मला रोज इचारलंय, आयेला नक्की काय झालं. मी काय सांगू? तूच तर बोललीस, न सांगितल्यानं माणूस गेलं म्हणून."

तो शेताकडे चालता झाला. सगुणा पाटावर बसून राहिली. थोड्या वेळानं कुडापलीकडून शांती आली, एका हातात चवळीच्या शेंगांची टोपली, दुसरा हात कमरेवर. मावशीला बघून तिचं तोंड फुललं.

"कधी आलीस गो मावशी? कळवायचंस तरी. जेवलीस?"

"ये, बस," सगुणा म्हणाली. तिनं टोपली तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली, पाट सरकवून तिला दिला आणि स्वतः जमिनीवर बसली. "तुझ्या आयेचं सांगायचंय तुला. मध्ये थांबवू नको मला."